आधी टेप, मग गाडी : पहिल्या छोट्या गाडीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी
आजपासून ही वही सुरू. ऑफिसात साधा प्रिंटर घ्यायचा म्हटलं तरी मी आधी गरज लिहून काढते, मग चार ठिकाणी विचारते. आणि स्वतःच्या पैशांनी आयुष्यातली पहिली गाडी घ्यायची तर गेले दोन आठवडे नुसते व्हिडिओ बघत बसले. हाती काय आलं? लाल रंग आवडतो, एवढंच.

दादाला फोन केला. त्याच्या आजवर चार गाड्या झाल्यात. "अगं, एक साइझ मोठीच घे, नाहीतर नंतर हळहळशील." मी म्हटलं, "दादा, ती उभी कुठे करायची इथपासून सुरुवात आहे माझी." शेवटी असं ठरलं, की दोन आठवडे मी कुठल्याही मॉडेलचं नाव काढणार नाही. घराला गाडी नेमकी कशाला लागते तेवढंच टिपायचं.

माणसं तीन : मी, आई (दोन्ही गुडघे कुरकुरणारे), लेक (वय ८, बूस्टर सीट, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून खाली ठेवायची उंच बैठक, लागते).

१८ जानेवारी
फेऱ्यांची नोंद पूर्ण झाली. बस, टॅक्सी, कुणी सोडलं, सगळं धरून १४ दिवसांत ३१ फेऱ्या. त्यातल्या २४ वेळा एक किंवा दोन माणसं. तिघी मिळून ६ वेळा. चौथं माणूस फक्त एकदा. सगळ्यात लांबची फेरी २२ किलोमीटर. सुट्ट्यांतला प्रवास धरला तरी वर्षाला ८,००० किलोमीटरच्या वर जात नाही.

दादाच्या डोक्यात जी गाडी आहे ती पाच माणसं आणि सहा बॅगा घेऊन घाट चढते. आमच्याकडे तो प्रसंग वर्षातून एकदा येतो, आणि तेव्हा मोठी गाडी भाड्याने घेता येते. त्या चार दिवसांसाठी उरलेले ३६१ दिवस मोठं धूड सांभाळायचं नाही. हा निर्णय आज लिहून टाकते, म्हणजे शोरूममध्ये पाघळणार नाही.

१९ जानेवारी
पार्किंगची जागा मोजली. दोन खांबांमधलं अंतर २.४० मीटर, लांबी ४.६०. लांबीचा प्रश्न नाही, रुंदीचा आहे.

माहितीपत्रकात गाडीची जी रुंदी छापतात ती बहुतेक वेळा आरसे सोडून असते. म्हणजे १.७० मीटरची गाडी उघड्या आरशांसकट सहज १.९० च्या पुढे जाते. खडूने जमिनीवर १.७० बाय ३.९० चा चौकोन आखला, लेकीला चालक म्हणून आत उभं केलं. पलीकडच्या बाजूला १५ सेंटीमीटर सोडले तर माझ्या दारासाठी ५५ उरतात. गाडी १.७५ ची असेल तर ५०.

पाच सेंटीमीटरने काय होतं, असं मलाही वाटलं. घरी येऊन कपाटाचं दार आधी ५५ आणि मग ५० सेंटीमीटर उघडून खांद्याला पिशवी लावून मधून निघून पाहिलं. ५५ मधून निघते. ५० मध्ये पिशवी अडकते आणि कोपर दाराला लागतं. रोज दोनदा, वर्षानुवर्षं. तेव्हा १.७० च्या वरची गाडी यादीत येणारच नाही. आईला मात्र कुठलीही गाडी घेतली तरी खांबांच्या बाहेरच उतरवावं लागेल.

लेकीने खडूच्या गाडीला हेडलाइटही काढले आहेत. ते पुसायचे नाहीत असा आदेश आहे.

२५ जानेवारी
यादीत चार गाड्या उरल्या. नावं इथे लिहीत नाही. अशी यादी प्रत्येकाची वेगळी निघणार, आणि माझी वाचून कुणी तीच गाडी घेऊ नये.

आज दोन शोरूम. सोबत आई, लेकीची बूस्टर सीट आणि आईचा घडीचा वॉकर. विक्रेता वॉकरकडे बघून जरा गोंधळला, पण सामानाच्या डिक्कीचे लिटर वाचण्यापेक्षा जे रोज ठेवायचं तेच ठेवून बघितलेलं बरं. पहिल्या गाडीची डिक्की कागदावर मोठी, पण कडा इतकी उंच की वॉकर मांडीपर्यंत उचलून मग आत सोडावा लागतो. दुसरीची डिक्की लहान, कडा खाली. वॉकर आडवा सरकला. मागची सीट ६०:४० अशी दुभंगून घडी होते, म्हणजे लांब वस्तू आली तरी एक माणूस मागे बसू शकतं. पहिलीत अख्खी सीट एकदमच पडते.

पण आजचा खरा निकाल आईने दिला. पहिली गाडी दिसायला देखणी, बसकी, छत मागे उतरतं. आई आधी पाठ टेकवून बसली, पाय आत घेतले, सगळं ठीक. उतरताना तिने दाराची चौकट धरली, एकदा पुढे झुकली, परत मागे बसली, दुसऱ्यांदा जोर केला आणि मान वाकवताना कपाळ छताच्या कडेला लागलं. "हिच्यात बसता येतं गं, उठता येत नाही," म्हणाली. विक्रेता तोवर मला टचस्क्रीनवरचे रंग दाखवत होता.

घरी येऊन हिशेब लावला. सीटचा पृष्ठभाग जमिनीपासून किती उंच आहे, हे माहितीपत्रकात कुठेच छापत नाहीत. टेपने मोजलं तर पहिलीची सीट ४८ सेंटीमीटर, दुसरीची ५७. आईची घरातली खुर्ची ४६ ची आहे, पण खुर्चीतून उठताना पाय सीटखाली मागे घेता येतात. गाडीत उंबरठा आडवा येतो. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी टेप खिशात घालूनच जावं.

बूस्टरचाही एक बारीक धडा. बूस्टर ठेवला की एका गाडीत पट्ट्याचं बक्कल त्याच्या कडेखाली गडप होतं. लेकीला स्वतःला लावता येईना. दुसरीत बक्कलाचा दांडा ताठ आणि वर आलेला, तिने एका हाताने टक् करून लावलं.

१ फेब्रुवारी
चालवून बघण्याचा दिवस. तीन गाड्या, प्रत्येकी अर्धा तास. विक्रेत्यांचा ठरलेला रस्ता असतो : सरळ, रुंद, गुळगुळीत. मी आधीच सांगितलं होतं, की माझा रस्ता मी ठरवणार. एक चढ, एक खड्ड्यांचा तुकडा, एक अरुंद वळण आणि आमचे ते दोन खांब.

निघण्याआधी बसणं लावून घेतलं. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकायला हवं. छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटीमीटर, कारण एअरबॅगला फुगायला जागा लागते. माझी उंची बेताची. एका गाडीत पायाला जमवलं की छाती पुढे जात होती आणि स्टिअरिंग फक्त वरखाली होत होतं, मागेपुढे नाही. ती तिथेच बाद. तोवर तीच सगळ्यात पुढे होती.

वळणाचं वर्तुळ : छोट्या गाड्यांमध्ये त्याचा व्यास साधारण १० मीटरच्या आसपास असतो, पण अर्ध्या मीटरचा फरक गल्लीत कळतो. एक गाडी एका दमात वळली, दुसरीला एकदा मागे घ्यावं लागलं.

इंजिन : दोन्ही उरलेल्या गाड्यांना तीन सिलिंडर. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या (दट्ट्यांनी फिरणाऱ्या दांड्याच्या) दर १८० अंशांना एक ठिणगी पडते, तीनमध्ये दर २४० अंशांना. शिवाय तीन दट्ट्यांचा तोल मुळातच थोडा डळमळीत. म्हणून सिग्नलला उभं असताना सीटमधून बारीक थरथर येते. एकीत ती पाठीत जाणवत होती, दुसरीत फक्त आरशातलं चित्र हलताना दिसलं. चालू लागल्यावर दोन्हीत विसरायला होतं. एसी पूर्ण लावून चढावर नेलं तेव्हा मात्र एकीचा दम निघाला. एसी बंद ठेवून चाचणी घेऊ नये.

ऑटोमॅटिक हा एकच शब्द चार वेगवेगळ्या यंत्रांना वापरतात, हे मला आज कळलं. एएमटी म्हणजे आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. गिअर बदलताना मान पुढे डुलते, पण स्वस्त. सीव्हीटीमध्ये गिअरच्या पायऱ्याच नाहीत, पट्टा आणि पुली. मऊ चालते, जोरात दाबलं की इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये क्लचऐवजी तेल इंजिनाचा जोर पुढे पोचवतं; जुना, भरवशाचा. दुहेरी क्लचचा चटकन बदलतो, पण मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या गर्दीत त्याचे क्लच, विशेषतः तेलात न बुडवलेले कोरडे, तापतात. आमच्या फेऱ्या गर्दीतल्या. एएमटी चढावर पाय उचलल्याबरोबर किंचित मागे सरकली आणि माझ्या पोटात गोळा आला. विक्रेता म्हणाला, याच गाडीच्या वरच्या, महागड्या प्रकारात चढावर थोपवून धरण्याची सोय आहे. म्हणजे प्रश्न गाडीचा नसतो, प्रकाराचा असतो. दादाच्या मते मी अजून मॅन्युअलच चालवावी, "हात बसेल." गुडघे आनुवंशिक असतात, असं त्याला कळवलं. सीव्हीटी असलेली गाडी आता पुढे आहे.

४ फेब्रुवारी
सुरक्षेचा आढावा. इथे वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही.

धडक चाचणीचे तारे मोजण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात : चाचणी कुठल्या वर्षाची आणि कुठल्या प्रकाराची. युरो एनकॅप या, गाड्या आपटून तारे देणाऱ्या युरोपातल्या संस्थेचे पहिले निकाल १९९७ मध्ये आले. तेव्हापासून नियम वेळोवेळी कडक होत गेले. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एका तागडीत बसत नाहीत. समोरून धडकण्याचे निकाल साधारण सारख्याच वजनाच्या गाड्यांशी ताडायचे असतात, हेही विसरून चालत नाही. माझ्या यादीतल्या एका गाडीचे तारे सगळ्यात महागड्या प्रकाराचे निघाले. मला परवडणाऱ्या प्रकारात बाजूच्या एअरबॅगा नाहीत.

स्वतःपुरती यादी केली. ईएससी, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी यंत्रणा, हवीच. पुढच्या आणि बाजूच्या एअरबॅगा. मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे आयसोफिक्सचे हूक. मागच्या तिन्ही जागांना तीन बिंदूंचे पट्टे; हा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या नील्स बोहलिनने आणला, आणि अजूनही काही ठिकाणी मधल्या माणसाला कमरेच्या पट्ट्यावर भागवावं लागतं. डोक्याचा आधार इतका वर यायला हवा की त्याची वरची कड निदान कानांच्या वर पोहोचेल. आईसाठी मागचा आधार ओढून बघितला, पुरतो.

सनरूफ, रंगीत दिवे आणि मिश्रधातूची चाकं या यादीत नाहीत. म्हणून मधला प्रकार. लाल रंग त्यात मिळतो, हे मुद्दाम सांगते.

८ फेब्रुवारी
कर्ज. इथे मी जवळजवळ फसले होते.

दोन प्रस्ताव आले. एकाचा दर १० टक्के, दुसऱ्याचा १३. कुणीही पहिला घेईल. पहिल्याच्या कागदावर बारीक अक्षरात "फ्लॅट" लिहिलेलं होतं. फ्लॅट म्हणजे व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच लावायचं, तुम्ही फेडत आलात तरी. १०० घेतले, पाच वर्षं, दर वर्षी १० प्रमाणे व्याज ५०. एकूण १५०, ६० हप्त्यांत दरमहा २.५०. हाच हप्ता घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या कर्जावर, मोजला तर दर निघतो सुमारे १७.३ टक्के! १३ टक्के घटत्या शिलकीवरचा प्रस्ताव त्याच्यापुढे स्वस्त. मी आकडेमोड तीनदा केली, कारण विश्वास बसेना.

मुदतीचंही तसंच. घटत्या शिलकीवर ९ टक्क्यांनी १०० घेतले तर तीन वर्षांत व्याज साधारण १४.५ जातं, सात वर्षांत ३५. हप्ता निम्म्यावर येतो खरा, पण व्याज अडीचपट. आणि सातव्या वर्षी त्या गाडीचे टायर, बॅटरी, क्लच असे खर्च सुरू झालेले असतात, तेव्हा हप्ता आणि दुरुस्ती एकत्र भरायची. चार वर्षं ठरवली. डाउन पेमेंट जमेल तेवढं मोठं, पण सहा महिन्यांच्या घरखर्चाला हात न लावता.

दर महिन्याचा आकडा काढताना विमा, इंधन, सर्व्हिसिंग, पार्किंग हे हप्त्याच्या खालीच लिहिलं. हप्ता हा त्या बेरजेचा जेमतेम अर्धा निघाला.

११ फेब्रुवारी
हायब्रिड घ्यावी का? जादा किंमत भागिले दर किलोमीटरची बचत. आमचं उत्तर १,०४,००० किलोमीटर, म्हणजे ८,००० च्या हिशेबाने १३ वर्षं. पेट्रोल. विजेवरची गाडी आमच्या फेऱ्यांना खरं तर शोभली असती, पण त्या दोन खांबांपर्यंत वायर आणायची परवानगी अजून नाही. विषय बंद, पुढच्या गाडीला उघडू.

१५ फेब्रुवारी
दरपत्रकं. तिघांकडून लेखी घेतली, एकाच प्रकाराची, एकाच रंगाची, सगळे खर्च सुटे करून. एकाने फक्त बेरीज पाठवली. सुटे करून मागितल्यावर त्यात "हाताळणी" नावाची ओळ निघाली. हाताळणी कशाची, विचारलं तर ती लगेच गळाली.

खाली कोटिंग, सीटवर कोटिंग, रंगावर कोटिंग, याला स्पष्ट नाही. नवीन गाडीला गंजाविरुद्धचा थर कारखान्यातच असतो, आणि वर मारलेल्या थराने पाणी निघायची भोकं बुजली तर उलटंच व्हायचं. मॅट्स घेतल्या. विमा बाहेरून घेता येतो का, हे विचारल्याबरोबर त्यांच्या विम्याचा आकडा खाली आला. वाढीव वॉरंटी आजच घ्यायची गरज नाही. मूळ वॉरंटी संपायच्या आत घेता येते, हे त्यांच्याच कागदावर आहे.

"ही सूट फक्त आजच," असं सांगितलं. मी चहा पिऊन घरी आले. सोमवारी तीच सूट फोन करून दिली.

२१ फेब्रुवारी
बुकिंग केलं. पावतीवर लिहून घेतलं : प्रकार, रंग, एकूण किंमत, ताब्याची तारीख, रद्द केल्यास किती परत. तोंडी शब्दांपैकी जे कागदावर आलं नाही ते मिळणार नाही, असं धरून चालले आहे.

६ मार्च
उरलेली रक्कम भरण्याआधी आमच्या नावाने लागलेल्या गाडीचा चासी क्रमांक मागितला. १७ अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. विक्रेत्याने दोन दिवस "येतोय, येतोय" केलं. आल्यावर निर्मितीचा महिना विचारला. नऊ महिन्यांपूर्वीचा!

गाडी नवीनच, पण नऊ महिने अंगणात उभी. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, उन्हात रबर कडक होतं, आणि पुढे विकताना निर्मितीचं वर्षच पहिलं विचारलं जातं. मी शांतपणे सांगितलं, की याच किमतीत ही घेणार नाही. व्यवस्थापक आले. त्यांच्याकडे दोन वाटा होत्या : मोठी सूट किंवा ताजी गाडी. ताजी घेतली, दहा दिवस उशिरा. दादा पहिल्यांदाच म्हणाला, "हे मला चार गाड्यांत सुचलं नाही."

पैसे भरण्याआधी विचारलं म्हणून हे झालं. भरल्यावर विचारलं असतं तर नुसती दिलगिरी मिळाली असती.

१६ मार्च
ताब्याआधीची तपासणी. दिवसाउजेडी, पाऊस नसताना, कोरड्या गाडीवर. ओल्या पृष्ठभागावर ओरखडे दिसत नाहीत. दोन तास लागले आणि मी अजिबात घाई केली नाही.

चासी क्रमांक कागदांशी आणि गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षरन्अक्षर जुळवला. मीटरवर ३१ किलोमीटर. रंगाची छटा दारोदार सारखी आहे का, हे बाजूने तिरपं बघितलं. दारांच्या फटी बोटाने चाचपल्या. चावी फिरवल्यावर सगळे इशाऱ्याचे दिवे लागायला हवेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवेत. जो मुळात लागतच नाही तोही दोषच. प्रत्येक काच, प्रत्येक पट्टा, हॉर्न, वायपर, मागचा कॅमेरा.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात : आधी आठवडा, मग वर्ष. चारही चाकांवर ४९२४, म्हणजे २०२४ चा ४९ वा आठवडा. मग गालिचा उचलून पाचवं चाक बघितलं. १९२२. कुठल्या तरी जुन्या गाडीचं चाक इथे येऊन बसलं होतं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, ते कोण बघतं?" मी म्हटलं, "मी." पाऊण तासात बदललं.

हवा ४४ पीएसआय होती. वाहतुकीसाठी जास्त भरतात आणि उतरवायची राहून जाते. दाराच्या खांबावरचा तक्ता ३३ सांगतो. उतरवून घेतली. दुसरी चावी, जॅक, पाना, ओढण्याचा हूक, माहितीपुस्तिका, विमा, सगळं मोजून घेतलं आणि मगच सही केली.

लेकीने खडूच्या चौकोनात खरी गाडी उभी राहिलेली पाहिली आणि "हेडलाइट चुकले," असं म्हणाली. तिचे गोल होते.

६ एप्रिल
७४० किलोमीटर. पहिले १,००० सांभाळून : पूर्ण जोर नाही, तासन्तास एकाच वेगात नाही, जास्त भार देऊन इंजिन रखडवणं नाही. पुस्तिकेत हे आठव्या पानावर आहे, कुणीही वाचत नाही. नवीन टायरही पहिले शेदोनशे किलोमीटर किंचित निसरडे असतात. ओल्या रस्त्यावर एकदा कळलं.

इंधनाचा सरासरी आकडा पडद्यावर १८.९ दाखवतो. टाकी काठोकाठ भरून पुन्हा काठोकाठ भरेपर्यंतचे किलोमीटर भागिले लिटर केले तर १७.६. पडद्याशी भांडायचं नाही, वहीतला आकडा धरायचा.

पहिल्यांदा पेट्रोल भरायला गेले आणि टाकीचं झाकण कुठल्या बाजूला ते आठवेना. मीटरवर पंपाच्या चित्राशेजारी बारीक बाण असतो, तो झाकणाची बाजू दाखवतो. फोर्डमधल्या जिम मॉयलनला १९८६ मध्ये पावसात चुकीच्या बाजूला गाडी लावून भिजल्यावर हे सुचलं. टचस्क्रीनवरच्या रंगांपेक्षा मला हा बाण जास्त आवडतो.

आई मागच्या सीटवर बसते, उतरताना एका हाताने दार, एका हाताने वॉकर. परवा म्हणाली, "आता जरा पुढच्या सीटवर बसून बघते."

बाकी कामं :
– पुढची सीट ५६ सेंटीमीटर, आईला चालते का ते बघणे.
– चाक बदलायचा सराव, सपाट जागी, एकदा तरी. पाना माझ्या जोराने हलतो का?
– १,००० नंतर पहिली सर्व्हिसिंग, तारीख घेणे.
– दादाला चालवायला देणे. तो तीनदा विचारून गेला.